जुंपणी

जड ओझे ओढणारे नवे वाहन घरी येणे ही पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांच्या शेतकरी जीवनातली मोठी घटना असते, आणि तिच्याकडे केवळ खरेदी म्हणून पाहिले तर तिचा अर्धाच भाग हाती लागतो. कारण पैशाचा व्यवहार एका दिवसात पुरा होत असला, तरी ते वाहन ओझ्याला जुंपण्याजोगे व्हायला आणि त्याचा धनी ते चालवण्याजोगा व्हायला एक हंगाम तरी जावा लागतो. या मधल्या काळाला ट्रॅक्टरवाले ‘रनिंग-इन’ म्हणतात, तर जुने लोक इंजिन मोकळे होण्याचा काळ म्हणतात. तो बारकाईने पाहिला, तर एका पिढीच्या आयुष्यात ओझे ओढण्याची रीत कशी बदलली आणि त्या बदलात काय मागे पडले, हे दोन्ही समजते.

ही पिढी म्हणजे राज्यपुनर्रचनेच्या सुमारास जन्मलेली पिढी होय. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या सौसर-पांढुर्ण्याची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली, मात्र बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांसाठीची वाट नागपूरकडेच राहिली. ऑक्टोबर 2023 मध्ये हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर त्या वर्षांत जन्मलेली मुले सत्तरीकडे झुकली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत पिकणारा कापूस आणि संत्रा बाजारापर्यंत नेणे हा त्यांच्या संसाराचा कायमचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्या डोळ्यांदेखत बैलबंडीवरून ट्रॅक्टर-ट्रॉलीवर आले.

विदर्भात ज्या बैलगाडीला बंडी म्हणतात, तिला या भागात बहुधा गवळाऊ जातीचे बैल असत. वर्धा, नागपूर, छिंदवाडा आणि बालाघाटच्या टापूतली ही पांढुरकी आणि चालीला चपळ जात आहे. बैलाला कामाला लावण्याची स्वतंत्र रीत होती: गोऱ्हा अंगाने भरला की त्याला वेसण घातली जाई, मग मुरलेल्या बैलाच्या जोडीला त्याच्या मानेवर जू ठेवले जाई, आधी नुसताच ओंडका ओढायला देत, त्यानंतर रिकामी बंडी, आणि मगच भुसभुशीत जमिनीत वखर. सलग कामात बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतक्या जोराने ओढू शकतो आणि चांगल्या जोडीची ताकद जेमतेम एक अश्वशक्ती भरते, हे आकडे नंतर पुस्तकांत आले. पण धुरकऱ्याला, म्हणजे बंडी हाकणाऱ्याला, ती मर्यादा आकड्यांवाचून कळत असे, कारण ओझे अति झाले की बैल बसकण मारी. शिवाय उतारावर बंडी मागून रेटू लागली की बैल आपणहून पाय रोवून मागे दाब देत, आणि कासरा ओढण्याआधीच गती कमी होई. ओढणाऱ्या जिवाला नकार देता येतो आणि पडण्याची भीतीही वाटते, या दोन गोष्टी तेव्हा जुंपणीतच अंतर्भूत होत्या.

यंत्राचा प्रवेश या राज्यात फार मोठ्या कारणाने झाला. माळव्यापासून बुंदेलखंडापर्यंत पसरलेल्या काळ्या जमिनीत कांस नावाचे खोल मुळांचे गवत माजले होते आणि बैलांच्या नांगराला ते उपसता येत नव्हते. म्हणून स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली आणि 1949 मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. चालक आणि कारागीर हवेत म्हणून 1955 मध्ये सिहोर जिल्ह्यातील बुधनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, आणि पुढे तेथेच ट्रॅक्टरांची सरकारी चाचणी होऊ लागली. 1959 मध्ये आयशर कंपनीने फरिदाबादला देशी बनावटीचा ट्रॅक्टर काढला, 1963 मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या साथीने मुंबईत ट्रॅक्टर बांधायला घेतला, आणि कालांतराने नागपुरातही महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. गावात ट्रॅक्टर प्रथम भाड्याने आला तो नांगरटीसाठी. ओझे ओढणे हे त्याचे दुय्यम काम होते, आणि या दुय्यम कामाची शिस्त आजही पुरती बसलेली नाही याचे एक मूळ तेथे आहे.

ट्रॅक्टर घेताना घरात पहिला प्रश्न निघतो तो किती अश्वशक्तीचा घ्यायचा हा, आणि शेजाऱ्यापेक्षा पाच जास्त हे त्याचे ठरलेले उत्तर असते. अश्वशक्ती हे इंजिनाच्या कामाच्या वेगाचे माप आहे आणि एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे 746 वॅट. परंतु इंजिनात निर्माण झालेली सगळी शक्ती ओझ्यापर्यंत पोहोचत नाही. गिअर आणि धुरा यांत काही खर्ची पडते, मातीवर चाक घसरते त्यात आणखी जाते, आणि उरलेली शक्ती ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याशी, ज्याला ड्रॉबार म्हणतात तेथे, ओढण्यासाठी उपलब्ध होते. बुधनीच्या चाचणी अहवालात म्हणूनच इंजिनाच्या आकड्यांबरोबर ड्रॉबारची शक्ती, ओढीचा जोर आणि चाकाची घसरण यांची वेगळी नोंद असते, आणि चाचणीला उभा राहणारा ट्रॅक्टर आधी रीतसर रनिंग-इन झालेला असावा लागतो. नागपूरहून पांढुर्ण्यावरून बैतुलकडे जाणारा महामार्ग पुढे नर्मदा ओलांडून बुधनीवरूनच भोपाळच्या दिशेने जातो; पण त्याच रस्त्यावरच्या गावांत ट्रॅक्टर घेणाऱ्याने तो अहवाल मागितला आहे, असे सहसा घडत नाही. खरेदीचा मुहूर्त, बँकेचा हप्ता, बोनेटचा रंग आणि जामसावळीच्या हनुमानासमोर फोडायचा नारळ यांची चर्चा मात्र बारकाईने होते.

ओढीच्या दृष्टीने वजन आणि जोडणी या दोन गोष्टी अश्वशक्तीइतक्याच मोलाच्या असतात. टायर जमिनीला धरून राहिला तरच इंजिनाची ताकद उपयोगी पडते, म्हणून मागच्या चाकांना लोखंडी वजने लावतात किंवा टायरच्या ट्यूबमध्ये पाणी भरतात. जोडणीचा नियम त्याहून महत्त्वाचा आहे: ट्रॉलीचा हुक खालच्या ड्रॉबारलाच अडकवायचा, औजारे उचलणाऱ्या वरच्या दुव्याला कधीही नाही. ओढीचा बिंदू मागच्या धुऱ्याच्या वर गेला, तर ओझे अडताच ट्रॅक्टर पुढे सरकण्याऐवजी आपल्याच धुऱ्याभोवती फिरतो, त्याची पुढची चाके उचलली जातात आणि क्षणात तो चालकावर उलटतो. बैलाच्या बाबतीत ही जोडणी म्हणजे त्याचा खांदा होता, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तो हळद-लोण्याने चोळून शेकण्याची खांदमळणी हा सणाचा विधी असला, तरी वर्षभराची इजा तपासण्याचीही ती वेळ होती. ट्रॅक्टरला पोळ्याला झेंडूचा हार पडतो, पण हुकाची पिन किती झिजली आणि तिला खालून टाचणी आहे की तारेचा तुकडा गुंडाळला आहे, हे तपासायला पंचांगाने कोणताही दिवस नेमून दिलेला नाही.

रनिंग-इनचे शास्त्र समजायला सोपे आहे. नव्या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरकस रेघा ठेवलेल्या असतात, आणि दट्ट्याभोवतीच्या कड्या, म्हणजे पिस्टन रिंग, त्या भिंतीवर घासून तिच्याशी नेमक्या जुळतात. ही जुळणी झाली की वायूचा दाब टिकतो आणि ऑइल जळत नाही. पहिल्या पन्नासेक तासांत जास्त ओझे लादले, तर उष्णता वाढून कड्या आणि भिंत दोन्ही ओरखडतात. परंतु फार जपून, नुसते न्यूट्रलमध्ये किंवा अगदी हलके चालवले तरीही नुकसानच होते, कारण दाबाविना कड्या भिंतीला टेकत नाहीत, ऑइलचा गुळगुळीत थर भाजून बसतो आणि इंजिन जन्मभर ऑइल खात राहते. म्हणून मध्यम ओझे, सारखी बदलती गती आणि गिअरला जोर पडू न देणे ही तिन्ही पथ्ये एकदमच पाळावी लागतात. पहिल्या सर्व्हिसला काढलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूची बारीक चमक दिसते, आणि ते ऑइल व फिल्टर वेळेवर बदलणे हाच त्या सर्व्हिसचा मुख्य हेतू असतो. त्याच वेळी चाकांचे नट पुन्हा आवळतात आणि क्लचची मोकळी चाल तपासतात. डॅशबोर्डवरचे तासांचे मीटर हा या काळाचा हिशेबनीस असतो, मात्र जुन्या यांत्रिक मीटरचा तास इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजला जात असल्याने सावकाश चाललेला तास त्यात तासापेक्षा कमी भरतो, हे नव्या धन्याला सहसा ठाऊक नसते.

या भागातली पिके जणू या शिक्षणासाठीच क्रमाने मांडलेली आहेत. कापूस आकाराने मोठा आणि वजनाने हलका, त्यामुळे फाळक्याच्या वर डोंगर रचून जिनिंगकडे निघालेली ट्रॉली दिसते अवजड, पण इंजिनाला तिचा ताण मध्यम पडतो. तोल मात्र उंचावर गेल्यामुळे वळणावर गती आवरायची सवय तीच लावते. संत्र्याला वजनापेक्षा हादऱ्याचे भय असते, कारण पाऊसकाळ सरल्यावर निघणारा आंबिया बहार असो की उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा मृग बहार, बागेतून रस्त्यापर्यंतच्या खड्ड्यांत तळच्या क्रेटमधले फळ दबले तर दलालाकडे त्याचा भाव पडतो. म्हणून संत्र्याची ट्रॉली नेणारा चालक क्लच हळू सोडायला आणि ब्रेक आधीपासून लावायला शिकतो. शेणखत, मुरूम आणि रेती ही खरी जड ओझी त्यांच्यानंतर यायला हवीत. प्रत्यक्षात नव्या ट्रॅक्टरचा हप्ता सुरू झालेला असतो, बांधकामाचे भाडे रोख मिळते, आणि त्यामुळे रेती पहिल्याच आठवड्यात भरली जाते. कर्जाची घाई आणि यंत्राचे पथ्य यांतला हा संघर्ष ट्रॅक्टरच्या सोबत येणाऱ्या पुस्तिकेत कोठेही नोंदलेला नाही.

या साऱ्या शिक्षणाची परीक्षा उतारावर होते. सौसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो आणि पांढुर्ण्याहून मुलताईकडे जाणारी वाट सातपुडा चढते. रेल्वेलाही तीगाव ते चिचोंडा हा घाट चढावा लागतो. चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या वर्गातला ट्रॅक्टर साधारण दोन टनांच्या आसपास भरतो, तर त्याच्या मागची भरलेली ट्रॉली त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकते, आणि गावाकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. चढताना ओझे ओढले जाते, उतरताना तेच ओझे ओढणाऱ्याला ढकलते. अशा वेळी नुसता ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला तर ट्रॉली हुकाभोवती वळून ट्रॅक्टरला आडवा करते. शेतात वळण घेण्यासाठी ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. रस्त्यावर ती दोन्ही खिट्टीने जोडली नाहीत तर एकच चाक अडते आणि धोका वाढतो. उताराआधीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या दाबावर उतरणे, मध्येच क्लच न दाबणे आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल न करणे हे तिन्ही नियम एकाच तत्त्वाचे आहेत: जे बैल आपणहून करीत असे, ते आता चालकाला ठरवून करावे लागते. यंत्र बसकण मारीत नाही, उताराला भीत नाही आणि लादाल तितके मुकाट्याने ओढू पाहते. म्हणून नकार देण्याची जबाबदारी ओढणाऱ्याकडून हाकणाऱ्याकडे आली आहे.

या पिढीने हा पालट दोन्ही टोकांनी अनुभवला आहे. नागपूर ते छिंदवाडा ही सौसरवरून जाणारी अरुंद रुळांची गाडी 2015 मध्ये बंद होऊन तिच्या जागी रुंद रूळ आले, रस्ते चौपदरी झाले, आणि गुढीपाडव्याला सालगडी ठेवण्याबरोबरच बैलजोडी पाहण्याची पद्धतही अनेक घरांतून गेली. बैलाच्या काळाबद्दल हळहळण्याचे कारण नाही, कारण त्या काळात कापूस वेचणीनंतर दिवसचे दिवस वाटेत मोडत आणि माणूस व जनावर दोघेही अकाली झिजत. पण गोऱ्ह्याला ओंडक्यापासून बंडीपर्यंत नेणारा जो क्रम होता, तो माणसालाही शिकवत असे, आणि यंत्राच्या बाबतीत तो क्रम पुस्तिकेतल्या पन्नास तासांच्या एका ओळीत आटोपला आहे.

म्हणून आज नवे वाहन घेणाऱ्या घराने हिशेबाची मांडणीच बदलायला हवी. बहुतेक ठिकाणी कर्ज काढून ट्रॅक्टर शोरूममधून येतो आणि उरलेल्या पैशात ट्रॉली जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात बांधून घेतली जाते, तिच्यावर ब्रेक नाहीत, मागे परावर्तक पट्ट्या नाहीत, आणि तिची स्वतंत्र नोंदणी व विमा हे दोन्ही मागाहून कधी तरी करायचे ठरते. पाच अश्वशक्ती कमी घेऊन तो पैसा ब्रेक असलेल्या ट्रॉलीत घालणे हा शहाणपणाचा सौदा ठरेल. विक्रेत्यासमोर बसलेल्या मुलाने ‘हा किती ओढेल’ असे विचारले, तर त्याच्या शेजारी बसलेल्या, कधी काळी बंडी हाकलेल्या बापाने ‘आणि किती थोपवेल’ असे जरूर विचारावे, कारण या प्रश्नाचा अर्थ अनुभवाने जाणणारी बहुधा ती शेवटची पिढी आहे.