अनुस्वाराचे वजन

मराठी पत्रलेखनाची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ‘सा. न. वि. वि.’ ही अक्षरे ओळखीची असतील. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढा मजकूर चार अक्षरांत मावतो आणि वाचणाऱ्याचे काहीही हरवत नाही. कारण ही अक्षरे कशी उलगडायची, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते. ‘चि.’, ‘ती.’, ‘रा. रा.’ ही त्याच कुळातली. जे वारंवार येते ते थोडक्यात लिहावे आणि जे क्वचित येते ते सविस्तर, हा व्यवहार आपल्या पणजोबांना कोणी शिकवला नव्हता. हाच विचार क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताच्या भाषेत मांडला आणि डेव्हिड हफमन यांनी १९५२ मध्ये त्याची नेमकी पद्धत दिली. आज आपण एखादी फाइल ‘झिप’ करतो, तेव्हा ती पद्धत आतमध्ये काम करीत असते. उलगडल्यावर मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो.

संक्षेपाचा दुसरा प्रकार मात्र निराळा आहे. त्यात काही भाग कायमचा टाकून दिला जातो. याचेही उदाहरण आपल्या घरातच सापडते. मोडी लिपीत हात न उचलता भरभर लिहिता यावे म्हणून ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळत नसत, अनुस्वारही पुष्कळदा गाळत. गाळलेले वाचणारा संदर्भाने भरून काढी. हे चालले, कारण वाचणारा मराठी जाणणारा होता. कारकुनाने काय टाकले असेल याची त्याला कल्पना असे. तरीही एका अक्षराने केवढा अनर्थ होऊ शकतो, याची धास्ती समाजाच्या मनात होतीच. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्याभोवती रचली गेलेली ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची कथा आख्यायिकाच मानावी लागेल; पण ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिने भाषेला कायमचा दिला.

हे सर्व आठवण्याचे निमित्त एका स्वाध्यायाने दिले. कंधार तालुक्यातील आमचे विद्यार्थी नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकतात. अर्ज असो, दाखला असो, स्वाध्याय असो, सर्व काही फाइलच्या रूपाने पाठवावे लागते आणि तिच्या आकाराला मर्यादा असते. अंगणवाडीत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा बारा पानांचा हस्तलिखित स्वाध्याय माझ्याकडे आला, तो अवघ्या १४० केबींचा होता. विषय होता नामाचे सामान्यरूप. ‘अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार येतो’ असे वाक्य तिने स्पष्ट लिहिले होते आणि त्याखाली एकवचन व अनेकवचन असे दोन रकाने आखले होते. दोन्ही रकान्यांत तेच शब्द होते. मुलाचा, मुलाचा. शेतकऱ्याचे, शेतकऱ्याचे. झाडाखाली, झाडाखाली. नियम बिनचूक आणि उदाहरणे मात्र सगळी चुकलेली, हे काही जुळेना. पुढच्या संपर्कसत्रात मी तिला मूळ कागद आणायला सांगितले. “सर, टिंब तर मी सगळ्याला दिलेत,” असे म्हणत तिने वही पुढे केली. खरोखरच प्रत्येक टिंब जागेवर होते, बारीक निबेच्या निळ्या पेनने दिलेले.

मग ती टिंबे गेली कुठे? मुलाने मोबाइलवर फोटो काढले. ते व्हॉट्सअ‍ॅपवरून दुकानात पाठवले; तिथे ती पाने पीडीएफमध्ये जोडली गेली; फाइल मोठी भरली म्हणून दुकानदाराने ती एका संकेतस्थळावर पुन्हा लहान केली. एकाच मजकुराची तीनदा छाटणी झाली होती आणि प्रत्येक वेळी काही ना काही नव्याने गळत गेले.

यामागचे गणित फार अवघड नाही. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने स्कॅन केले, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत प्रतिमेत प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात. एका पानाचे २६ एमबी झाले. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित केला, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला प्रचलित पद्धतीत तीन बाइट धरूनही अडीचशे शब्दांचे पान चार-साडेचार केबींत बसते. म्हणजे शब्दांपेक्षा शब्दांचे चित्र पाच-सहा हजार पटींनी जड असते. ते हलके करण्यासाठी जेपेग ही पद्धत आली. तिचे प्रमाणक १९९२ मधले. ती चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा जाणवत नाहीत असे बारकावे टाकून देते. आपल्या जगत्तुंग सागराचा किंवा कंधारच्या किल्ल्याच्या तटाचा फोटो असा निम्म्याहून लहान केला तरी बिघडत नाही. आकाश आकाशच राहते, पाणी पाणीच. पण लेखन म्हणजे बारकावेच. एक मिलिमीटर रुंदीच्या टिंबाला ३०० च्या स्कॅनमध्ये बारा बिंदूंची जागा मिळते; ७२ वर आणले की तीनही उरत नाहीत. त्यातच मोबाइलवरची स्कॅनची सोय पान ‘स्वच्छ’ करू लागली, तर एकटे पडलेले टिंब तिला धूळ वाटते आणि ती ते पुसून टाकते.

दिसेनासे होणे परवडले. यंत्र एका चिन्हाच्या जागी दुसरे ठेवू लागले, तर ते अधिक घातक. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने असा प्रकार उघडकीस आणला. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर (आपण तर या नावाचे सामान्यनाम करून टाकले आहे) एका बांधकामाचा नकाशा स्कॅन केला, तेव्हा वेगवेगळ्या क्षेत्रफळांच्या तीन खोल्यांवर एकच आकडा उमटला. अन्य कागदांवर ६ चे ८ झालेले आढळले. एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकदाच साठवायच्या आणि सगळीकडे तीच आकृती वापरायची, अशी जागा वाचवण्याची ती युक्ती होती. अक्षर पुसट झाले तर वाचणारा थबकतो. इथे चुकीचा आकडा ठसठशीत उमटत होता. कंपनीने नंतर दुरुस्ती पुरवली. ज्या लिपीत घ आणि ध, भ आणि म, ष आणि प शेजारी नांदतात, त्या लिपीच्या अभ्यासकाने ही घटना विसरू नये.

कोणी म्हणेल, मराठीने स्वतःच अनुस्वार कमी केले नाहीत काय? केले. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी पहिले चौदा १९६२ मध्ये स्वीकारले गेले, पुढचे चार १९७२ मध्ये. त्यांनी ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरें’ यांवरची उच्चारात न उरलेली टिंबे काढून टाकली. ही छाटणी भाषा जाणणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वाद घालून केली होती. जो अनुस्वार केवळ व्युत्पत्तीची आठवण म्हणून उरला होता, तो गेला. जो वचन सांगतो, तो राहिला. वाटणीपत्रात ‘भावाचा हिस्सा’ आणि ‘भावांचा हिस्सा’ यांत एका टिंबाचाच फरक असतो आणि त्या टिंबावर शेताचा बांध हलतो. आकार लहान करणाऱ्या प्रणालीला हे कळण्याचा प्रश्नच नाही. तिच्या लेखी सगळी टिंबे सारखीच.

म्हणून मित्रहो, काय टाकायचे ते आपण आधी ठरवावे. पहिला बळी रंगाचा द्यावा. करड्या छटांत स्कॅन केले की भार एकतृतीयांशावर येतो आणि शाईचे काहीही बिघडत नाही. पानाबाहेरचे टेबल, चादर, धरणाऱ्याचा अंगठा हे सगळे कापावे. एवढ्यानेही पुष्कळ भार उतरतो. बिंदूंची घनता शेवटी कमी करावी, तीही दोनशेच्या खाली नेऊ नये. छाटणी एकदाच करावी, मूळ प्रतीवरूनच करावी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाने पाठवायची झाल्यास फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत. संगणकावर लिहिलेला मजकूर आधी छापायचा, मग त्याचा फोटो काढायचा आणि मग तो फोटो लहान करायचा, असा द्राविडी प्राणायाम मी अनेक ठिकाणी पाहतो. त्या मजकुराची पीडीएफ थेट काढता येते आणि तिला छाटणीची गरज सहसा पडतच नाही. पाठवण्यापूर्वी तयार फाइल उघडावी, एक पान मोठे करून अनुस्वार, रफार आणि १ व ९ हे अंक तपासावेत.

त्या विद्यार्थिनीने मूळ वहीवरून पाने पुन्हा स्कॅन केली, करड्या रंगात. फाइल मर्यादेत बसली आणि दोन्ही रकाने वेगळे दिसू लागले. लेखनसाधन बदलले की अक्षराचे वळण बदलते, हे आपण बोरू आणि खिळ्यांच्या संदर्भात शिकतो. तिच्या पुढच्या स्वाध्यायात निळ्याऐवजी काळी शाई होती आणि अनुस्वार ज्वारीच्या दाण्याएवढे होते.