ओट्यावरचा धडा

नातवाच्या पाठ्यपुस्तकात पानाच्या कडेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला आहे. त्यावर मोबाइल धरला की धडा बोलू लागतो, चित्रे हलू लागतात. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठाशी हे क्यूआर कोड जोडलेले आहेत. सारे आयुष्य खडू हाती धरलेल्या माझ्यासारखीला त्याचे कौतुक वाटते; पण तो चौकोन दिसला की मला २०२० सालचा जून महिना आठवतो आणि माझी मान खाली जाते.

त्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये घंटा न वाजताच नवे वर्ष सुरू झाले. मी निवृत्त झाले होते. परंतु सातवीचे मराठीचे पाठ तयार करून द्यावेत, अशी शाळेने विनंती केली. ज्या फाँटमध्ये वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका टंकल्या, त्याच फाँटमध्ये मी कवितेचे रसग्रहण टंकून मोठ्या उत्साहाने सर्वांना धाडले. संध्याकाळी एका आईचा फोन आला.

“टीचर, ही कुठली भाषा पाठवलीत? आमच्या मोबाइलवर नुसती चिन्हं दिसतात.”

दोष माझाच होता. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरांचा केवळ पेहराव असतो. आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात. तो फाँट जिथे नाही, तिथे पेहराव गळून पडतो आणि अर्थहीन चिन्हे उरतात. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे अक्षर कोणत्याही यंत्रावर अक्षरच राहते.

त्या रात्री मला फादर थॉमस स्टीफन्स आठवले. या भूमीची भाषा या भूमीच्याच लिपीत छापली जावी, ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यांनी १६०८ साली रोममधील आपल्या वरिष्ठांना पत्राने कळवली होती. युरोपच्या लिपीला दोन डझन साचे पुरतात, आपल्या लिपीला मात्र सुमारे सहाशे लागतील, ही अडचण होती. ते साचे दोनशेंवर आणता येतील, असेही त्यांनी सुचवले होते. पण खिळे काही पडले नाहीत. १६१६ साली राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. आज युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा एक कप्पा राखला आहे. क, हलन्त आणि ष जवळ आले की यंत्र आपणहून क्ष घडवते. जोडाक्षरासाठी वेगळा साचा लागत नाही. फादरांना ज्याची आस होती, ते माझ्या बोटांपाशी होते आणि मी त्याकडे पाहिलेही नव्हते!

मी सारे पाठ नव्याने टंकले. उत्तरे येऊ लागली. केवळ एका मुलाकडून तीन आठवडे काहीच आले नाही. सकाळी दहाच्या तासालाही तो कधी दिसला नाही. शाळेला द्यावयाच्या यादीत त्याच्या नावापुढे मी एकच शब्द लिहिला : ‘अनास्था’.

पुढे एके दिवशी त्याची आई वाटेत भेटली. मी जरा करड्या आवाजातच विचारले. ती माउली ओशाळली.

“टीचर, घरात फोन एकच. ह्यांच्याबरोबर तो पहाटे भाजीच्या टेम्पोतून मुंबईला जातो. घरी येईस्तोवर तुमचा तास संपलेला असतो. पोर रोज विचारतं, आज काय शिकवलं म्हणून.”

घरी येऊन मी तो शब्द खोडला. पण कागदावरचा शब्द खोडला म्हणून मनातला निवाडा पुसला जात नाही. संध्याकाळी त्यांच्या अंगणात गेले आणि त्या मुलाला म्हणाले, “बाबू, माझी चूक झाली.” काय बोलावे हे त्याला कळेना. तो धावत आत गेला आणि वही घेऊन आला. शेजारच्या मुलीच्या वहीवरून त्याने प्रत्येक पाठ उतरवून घेतला होता.

त्यानंतर मी धडे वाचून ध्वनिमुद्रित करू लागले. चार-पाच मिनिटांचा तुकडा; चित्रफितीच्या मानाने अगदी हलका, एकदा उतरवून घेतला की नेटवाचून केव्हाही ऐकता येणारा. रात्री जेवणानंतर तो फोन ओट्यावर ठेवला जाई. मुलगा, त्याची धाकटी बहीण, कुंपणापलीकडे शेजारची मुलगी, आणि दाराशी आजी. त्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण एके दिवशी पाठ पाठवायला मला उशीर झाला, तेव्हा निरोप आला तो तिचाच : “पुढचा धडा कवा?”

‘ख्रिस्तपुराणा’चे भाग्य तरी याहून वेगळे काय होते? त्याच्या मूळ छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांतून आणि मोठ्याने वाचणाऱ्यांच्या मुखातून ते टिकले. एक ग्रंथ आणि अनेक कान! सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हेच ओळखले होते. मुलांची मातृभाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी पाठ्यपुस्तके त्या भाषेत आणली आणि क्यूआर कोडद्वारे त्यांना कविता, गोष्टी, पाठ जोडून दिले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ लाभले, तेव्हा पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचे यंत्र मुलांच्या घरापर्यंत पोहोचले, कारण ते घर त्यांनी आधी पाहिले होते.

पेरणाऱ्याचा दाखला मी वर्गात कितीदा सांगितला असेल! खडकाळ जमीन, काटेरी झुडपे, सारे समजावून दिले. परंतु बी मुळात त्या शेतात पडले तरी का, हे न पाहताच मी जमिनीला नापीक ठरवले होते.

तो मुलगा २०२४ साली दहावी उत्तीर्ण झाला. पेढे घेऊन आला, तेव्हा मागे आजीही होती. नातवाने पुस्तकातल्या चौकोनावर मोबाइल धरला की मला तो ओटा दिसतो. मग मी त्याला सांगते, “आवाज जरा मोठा ठेव, बाबू. बाहेर कोणी ऐकत असेल.”