पाण्याला बिचकणारी गोगलगाय

समुद्राचंच लेकरू आणि समुद्राच्याच पाण्याला बिचकतं, हे कांदळवनात पाहिल्याशिवाय पटत नाही. भरतीचं पाणी तिवराच्या बुंध्याला लागलं की नखाएवढी लिटोरारिया गोगलगाय वर सरकू लागते. आधी खोड, मग फांदी, कधी थेट पान. पाण्याबरोबर खेकडे आणि मासे येतात, आणि शंख फोडणं त्यांना चांगलं जमतं. ऊन चढलं की ती शंखाचं दार लावून घेते, शंखाच्या कडेला चिकट स्राव वाळवते आणि तेवढ्या आधारावर सालीला लटकून राहते. बोट लावलं तर सुटून खाली पडते, लावू नये. पिल्लांसाठी मात्र तिला समुद्राशिवाय गत्यंतर नाही. तिचे डिंभक काही आठवडे पाण्यातच तरंगतात आणि मग किनारा धरतात.

खाली चिखलात वेगळीच वस्ती. टेलिस्कोपियम हा बोटभर लांबीचा, काळपट तपकिरी, टोकदार शंख ओहोटीला सावकाश चालतो आणि मागे ओली रेघ सोडतो. मुद्दाम उकिडवं बसून पाहिलं तर शंखाच्या कडेखालून एक लांब सोंड बाहेर येते आणि चिखलाचा वरचा पातळ थर चाटून घेते. त्या थरात असतं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा चुरा. या प्राण्याला डोक्यावरच्या दोन डोळ्यांखेरीज शंखाला लागून असलेल्या मांसल पडद्याच्या कडेवर तिसराही डोळा असतो. टेलिस्कोपियमच्या आसपास बारक्या पिरेनेला शंखांचा सडा पडलेला असतो. भरतीची जेमतेम पोच असलेल्या उंच भागात कॅसिड्युला ही गोगलगाय राहते. तिला कल्ले नाहीत, ती फुफ्फुसाने हवा घेते. ऑन्किडियम या गोगलगाईने तर शंखच टाकला आणि पाठीवर डोळे घेतले. एवढ्याशा चिखलात निसर्गाला इतके प्रयोग सुचले, तेही आपण नाकाला रुमाल लावतो त्या जागी!

केनियाच्या खाड्यांमधली सेरिथिडिया ही गोगलगाय पाणी पोहोचण्याआधीच खोडावर चढायला लागते, असं तिथल्या अभ्यासात दिसलं. भरतीचं वेळापत्रक आपण छापून भिंतीला टांगतो. तिच्या ते अंगातच आहे. तिथलीच मोठी टेरेब्रॅलिया लहानपणी चिखल खाते आणि मोठी झाली की गळलेली पानं कुरतडते. ओहोटीबरोबर समुद्रात वाहून जाणारा पाचोळा त्यामुळे जंगलातच जिरतो.

आपल्याकडे कालवं आणि तिसऱ्यांना बाजारात भाव आहे, फ्लेमिंगोंना प्रेक्षक आहेत. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 साली झालं तेही फ्लेमिंगोंच्या नावाने. त्यातला छोटा फ्लेमिंगो चिखलावरच्या ज्या सूक्ष्म शेवाळावर जगतो, त्याच ताटात या गोगलगाई जेवतात, हे फारसं कुणी सांगत नाही. भराव घालून भरतीची वाट अडवली की झाडं मरायला वेळ लागतो, पण चिखल सुकतो आणि गोगलगाईंचं ताट आधी रिकामं होतं. जंगलाची तब्येत म्हणूनच पानांवरून नव्हे, चिखलावरून पाहावी.

फ्लेमिंगो पाहायच्या बोटी भरतीवर सुटतात, त्या वेळी हा चिखल पाण्याखाली असतो. एकदा ओहोटीची वेळ बघून काठावरून जा, आणि खाली बघा.