बोलणाऱ्याची माती

त्या अभिप्रायांपैकी दोनच माझ्या मनात घर करून बसले आहेत. अमेरिकेतील एका विद्यापीठात क्रीडा-विपणन हा विषय शिकवणाऱ्या अध्यापकाविषयी सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी निनावी लिहून दिलेले ते शेरे. एकाने नोंदवले होते की, या गृहस्थांचे व्याख्यान म्हणजे निव्वळ किस्से, परीक्षेपुरतेही त्यातून हाती लागत नाही; आणि त्याच वर्गातील दुसऱ्याने लिहिले होते की, तिकीट घेणारा माणूस खरोखर काय विकत घेतो हे त्या किश्श्यांनीच मला शिकवले.

शिष्यांनी गुरूला तोलावे ही प्रथा त्या देशात जुनी आहे. पर्ड्यू विद्यापीठात १९२७ साली त्यासाठी रीतसर श्रेणीपत्रक सिद्ध झाले, आणि ओहायो विद्यापीठाने १९६६ साली क्रीडा-प्रशासनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा या तराजूला चाळीस वर्षे होत आली होती. परंतु गिऱ्हाइकाच्या मनाचा ठाव घेण्याची विद्या ज्याने शिकवायची, त्यालाच वर्गातील गिऱ्हाइकांनी पसंत वा नापसंत करावे, यात एक निराळाच पेच आहे. गणिताचा शिक्षक आवडला म्हणून त्याला गणित येते असे कोणी म्हणणार नाही. या अध्यापकाबाबत मात्र तसे म्हणण्याचा मोह होतो.

माझ्या आजीच्या तोंडी एक म्हण नेहमी असे : बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही. बालपणी मला ही बोलणाऱ्याची स्तुती वाटे. पुढे ती सोने न खपलेल्या कोणा अबोल माणसाची कैफियत वाटू लागली. १९७० साली अमेरिकेत एका नटाला 'डॉक्टर फॉक्स' हे खोटे नाव देऊन विद्वानांपुढे उभे केले गेले, आणि त्याचे अर्थशून्य पण रसाळ व्याख्यान ऐकून मानसोपचारतज्ज्ञांसारख्या जाणत्या श्रोत्यांनीही त्याची प्रशंसा केली. १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा म्हणीच्या पूर्वार्धावर जणू शिक्कामोर्तब झाले.

तथापि माती ही हलकीच वस्तू, हे कोणी ठरवले? आजी कोल्हापूरची. तिथल्या तालमीतील तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती अशी मुरवतात की, पाठ टेकलेल्या पैलवानाच्या अंगालाही तिचा सुगंध राहावा. ती माती कोणी बाजारात मांडली नाही, आणि तिची किंमतही कोणी केली नाही. त्याच मातीत घुमलेले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाण्यास निघाले तेव्हा गाठी पैसा नव्हता, आणि ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले होते तेथील प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या प्रवासातून आले. त्या प्राचार्यांविषयी शिष्याचा अभिप्राय घ्यायचा झाला असता, तर तो श्रेणीपत्रकाच्या कोणत्या रकान्यात मावला असता?

येथवर आलो की पहिल्या विद्यार्थ्याची तक्रार मला न्याय्य वाटू लागते, कारण गुरूचे मोल त्याच्या वाणीत नसते. आणि लगेच दुसरा विचार तिला खोडून काढतो. खाशाबांनी पुढील आयुष्याचा बराच काळ पोलीस खात्याच्या नोकरीत काढला, आणि अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. त्यांच्या कांस्यपदकाविषयी बोलणारा, तिकीट घेणाऱ्याचे मन जाणणारा कोणी त्या काळी भेटला असता, तर ते पदक इतके अबोल राहिले असते का? मग त्या अध्यापकाचे किस्सेच खरी विद्या ठरतात काय? मला सांगता येत नाही. लिहायला बसलो तेव्हा थोडेफार सांगता येईल असे वाटत होते.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकने प्रायोजकांच्या बळावर वीस कोटी डॉलरांहून अधिक शिल्लक टाकली, आणि क्रीडा-विपणनाच्या वर्गात तिचा दाखला आजही दिला जातो. त्या ऑलिंपिकचा समारोप १२ ऑगस्टला झाला. १४ ऑगस्टला खाशाबा जाधव रस्त्यावरील अपघातात वारले.