बोलता येईल एवढाच वेग

आज बाबा सारसबागेत सलग २० मिनिटं चालले. दोन महिन्यांपूर्वी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचं अंतरही आम्हाला धडकी भरवायचं.

पूर्वी अशा रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. १९५२ साली बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णाला खुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला. त्या खुर्चीपासून आजच्या चालण्यापर्यंतची वाट किती धीराची!

फिजिओथेरपिस्ट ताईंनी साधी खूण सांगितली आहे : चालताना बोलता आलं पाहिजे. गाता आलं तर वेग कमी, वाक्य तुटलं तर जास्त. नियमित चालण्यानं स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात. मग त्याच कामासाठी हृदयाला कमी धडधडावं लागतं.

शेजारच्या काकूंना पक्षाघात झाला, तेव्हापासून त्याही काठी टेकत रोज जिन्याखाली फेऱ्या मारतात. त्यांचं प्रत्येक पाऊल मला प्रार्थनेसारखं वाटतं.

परतताना बाबा माझ्याशी अखंड बोलत होते. एकही वाक्य तुटलं नाही. माझे मात्र शब्द घशातच अडकले.