बारा बाय बारा

काशीगावातल्या एका आगरी घरी अल्बम द्यायला गेलो होतो. ओटीवर नवरदेवाची आजी पाय पसरून बसलेली, मांडीवर अल्बम, भोवती सात-आठ बायका. हळदीचं पान आलं. मधोमध पाटावर नवरदेव, तोंड ओळखू येणार नाही इतकी हळद फासलेली, आणि डाव्या कडेला नुसता एक हात. कोपरापासून पुढचा. हिरवा चुडा, त्याच्या मागेपुढे पाटल्या.

"यो हात कोनाचा गो?" आजीनं विचारलं.

कुणी काकीचं नाव घेतलं, कुणी मामीचं. शेवटी आजीनंच पाटलीवर बोट ठेवून निकाल दिला, थोरल्या लेकीचा. म्हणजे नवरदेवाची आत्या. ती मागेच उभी होती. तिनं वाकून पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काय रं, मी काय निसता हात हालवाला आल्ते?"

मूळ फोटोत आत्या अख्खी होती. हसत होती, दुसऱ्या हातात हळदीची वाटी होती. तिला मी कापलं होतं, रात्री दोन वाजता, संगणकासमोर, चौकोनात बसत नव्हती म्हणून. असले अल्बम पाठीला पाठ चिकटवून बांधतात. त्यातलं एक पान काढून दुसरं घालता येत नाही. अख्खा अल्बम पदरमोड करून पुन्हा बांधून दिला. तेव्हापासून चौकोनी अल्बमची ऑर्डर घेताना आधी ती आत्या डोळ्यांपुढे येते.

भानगड कुठे आहे ते सांगतो. आमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर 36 मिलिमीटर रुंद आणि 24 उंच, म्हणजे तिनास दोन. आपल्याकडे लग्नात सर्रास चालतो तो बारा बाय छत्तीसचा करिझ्मा अल्बम. उघडला की छत्तीस इंच, म्हणजे एकेक पान अठरा बाय बारा. हेही तिनास दोनच. कॅमेऱ्यातला आडवा फोटो न कापता तिथे जसाच्या तसा बसतो. बारा बाय बाराच्या पानावर मात्र त्याच फोटोचा एक तृतीयांश भाग सोडावा लागतो. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा असतो. कापून उरतात 4000 बाय 4000. बारा इंचाला, इंचामागे तीनशे ठिपके धरले तर, 3600 पुरतात. तेव्हा छपाईला काही त्रास नाही. त्रास होतो तो आत्यांना.

माझ्या उस्तादांना हे ऐकून हसू आलं असतं. त्यांचा त्रास नेमका उलटा होता. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली फ्लॅशची बॅटरी खांद्याला अडकवून फिरायचो. त्यांच्याकडे याशिका होता, दोन भिंगं एकावर एक असलेला, छातीशी धरून वरून खाली बघायचा कॅमेरा. या घराण्यातला नावाजलेला पूर्वज म्हणजे 1929 साली जर्मनीत निघालेला रोलीफ्लेक्स. आपल्या छायापत्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही तोच असायचा. 120 नंबरचा रोल, त्यात फ्रेम बारा, आणि प्रत्येक फ्रेम सहा सेंटिमीटर बाय सहा. पक्का चौकोन! पण एन्लार्जमेंटचा कागद यायचा सहा बाय आठ नाहीतर आठ बाय दहा. म्हणजे चौकोनात टिपायचं आणि आयतात छापायचं. उस्ताद ओरडायचे, "वरखाली जागा सोड रे, डार्करूमवाल्याला कात्री मारायला काहीतरी राहू दे." वीस-पंचवीस वर्षं हा माणूस चौकोनात बघत राहिला आणि गिऱ्हाइकाला त्यानं चौकोन जवळजवळ कधी दाखवलाच नाही. आमच्याकडे चौकोन राहिले ते निगेटिव्हच्या पाकिटांत.

त्या कॅमेऱ्याची एक गोष्ट मी आजही पाळतो. तो छातीशी धरायचा असल्यामुळे फोटो आपोआप खालून यायचा. गुडघ्यावर टेकलं की पाटावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला समोरासमोर भिडायचा. हल्लीची पोरं उभ्यानंच कॅमेरा डोळ्याला लावतात आणि मग बसलेल्या नवरीचा भांग, मुंडावळ्यांची गाठ आणि ब्लाउजची पाठ एवढंच मिळतं. आपले निम्मे विधी जमिनीवर बसून होतात. फोटोग्राफरनं गुडघे झिजवायला हवेत. (माझे झिजलेत. डॉक्टर वेगळं कारण सांगतात.)

आता मी चौकोन कापत नाही, आधीच आखून घेतो. माझ्या कॅमेऱ्यात एकास एक अशी सोय आहे. पडद्यावर चौकोन दिसतो, मूळ फाईल पूर्ण राहते. त्यामुळे आत्या कडेला दिसली की तिथेच ठरवता येतं. एक पाऊल मागे जाऊन तिला पूर्ण घ्यायची, की वाट बघून तिचा हात परत गेला की बटण दाबायचं. अर्धी आत्या घ्यायची नाही.

चौकोनाचा स्वभाव आडव्या फ्रेमपेक्षा वेगळा. आडव्या फोटोत नजर डावीकडून उजवीकडे चालत जाते. चौकोनात ती गोल फिरते आणि मध्ये येऊन बसते. म्हणून फोटोग्राफीच्या वर्गात शिकवतात ते 'माणूस मधोमध ठेवू नका' इथे निम्म्यानं खोटं ठरतं. उंबऱ्यापुढची ठिपक्यांची रांगोळी मधूनच उमलते, तशी पाटावर बसलेली नवरी चौकोनाच्या मधोमध छान बसते. पाट, चौरंग, तांब्याचं होमकुंड ही सगळी मंडळी मुळातच चौकोनी. हळदीला मी स्टूलवर चढून सरळ वरून एक तरी फोटो घेतो. खाली पाट, त्यावर नवरदेव, चारी बाजूंनी हात. तिथे सगळ्यांचे नुसते हातच असतात, त्यामुळे भांडण नाही.

पण चारही कडा मधल्यापासून सारख्याच अंतरावर असल्यानं कोपऱ्यातली घाणही सारख्याच जोरानं बोंबलते. आडव्या फोटोत कडेला पडलेली पाण्याची बाटली खपून जाते. चौकोनात नजर फिरत फिरत तिच्यावर आदळतेच. नवरीच्या डोळ्यांत पाणी, गुरुजींच्या हातात पळी आणि कोपऱ्यात अर्धी रिकामी बाटली. म्हणून हॉलवर गेलो की कॅमेरा काढायच्या आधी मी बाटल्या, चपला आणि गुटगुटीत पर्स उचलून बाजूला ठेवतो. एकदा करवलीची पर्स मी अशी हलवली आणि तासभर ती सापडेना. त्या लग्नात मी फोटोग्राफरपेक्षा संशयित म्हणून जास्त प्रसिद्ध झालो.

सगळ्यात अवघड अंतरपाट. बाहेरून वाटतं, काय सोपं! एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी, मध्ये कापड. पण अंतरपाट धरणारे उभे असतात त्याच्या दोन टोकांना, आणि आपल्याला हवी असलेली जागा नेमकी तीच. समोर गुरुजींची पाठ. मागे मामा, दिवा धरलेली करवली, मोबाईल उंच धरलेले मित्र. मी गुरुजींना आधीच सांगून ठेवतो आणि शेवटच्या मंगलाष्टकेला त्यांच्या कोपराखाली बसतो. तिथून अंतरपाट कापड म्हणून दिसत नाही. कडेवर आलेलं ते कापड एका उभ्या रेघेएवढं बारीक होतं. रेघेच्या अलीकडे हारावर टेकलेली हनुवटी, पलीकडे मिटलेले डोळे. वर बघायला दोघांनाही मनाई आणि दोघंही चोरून बघतात. मग 'सावधान' होतं, वाजंत्री, आणि चारी बाजूंनी अक्षता. तांदूळ हवेत थांबलेला हवा असेल तर शटर पाचशेच्या खाली चालत नाही. नाहीतर पांढऱ्या रेघोट्या येतात आणि नवरीची मावशी विचारते, पाऊस पडत होता का?

हा एक फोटो मी एका पानावर लावत नाही. दोन पानांवर, चोवीस बाय बारा पसरवतो. अंतरपाट बरोबर घडीवर. डाव्या पानावर नवरा, उजव्यावर नवरी, मध्ये अल्बमची स्वतःची घडी. हे आधी ठरवलेलं असेल तरच जमतं, कारण दोन पानांचा आकार एकास दोन होतो आणि 6000 बाय 4000 मधून 6000 बाय 3000 एवढंच उरतं. उंचीचा पाव भाग गेला. डोक्यावर जागा सोडली नसेल तर फेट्याचा तुरा जातो, आणि तुरा गेलेला फेटा नवरदेव आयुष्यभर विसरत नाही.

घडीचा हा खेळ मला निकाहात सुचला. मीरा रोडला निकाह बरेच केलेत. तिथे कबुली मुलीकडून वेगळी घेतात, मुलाकडून वेगळी, बहुतेक वेळा दोन वेगळ्या खोल्यांत. आडव्या अल्बममध्ये ते दोन प्रसंग दोन फोटो म्हणून एकामागून एक येतात. चौकोनी अल्बमात मी समोरासमोर लावले. डावीकडे ती सही करतेय, मान खाली, मेंदीचा हात. उजवीकडे तो सही करतोय, मान खाली. पान मिटलं की सहीवर सही पडते. मग वाटलं, आपल्या अंतरपाटालाही हेच हवंय.

सूनमुखाला मात्र एकच पान पुरतं. सासू आरसा धरते आणि त्यात सुनेचं तोंड बघते. गोल आरसा, चौकोनी पान, आत तीन चेहरे. सासूचा कडेनं, सुनेचा पाठमोरा, आणि आरशातला खरा. फोकस आरशाच्या काठावर नाही, आरशातल्या डोळ्यांवर करायचा, कारण कॅमेऱ्याच्या दृष्टीनं ते डोळे काचेपेक्षा लांब असतात. हे कळायला मला दोन लग्नं वाया घालवावी लागली. आरशात स्वतःचा फ्लॅश दिसू नये म्हणून फ्लॅश बंद, आयएसओ वाढवायचा, थोडे दाणे आले तर येऊ द्यायचे. कानपिळीही चौकोनातच खुलते. मेहुण्याचा हात, नवरदेवाचा कान, बास.

जिथे चौकोन हरतो ती जागा म्हणजे स्टेज. हायवेच्या कडेच्या लॉनवर चाळीस माणसं एका ओळीत उभी राहतात, मागे कमळ किंवा मोर. कुटुंबाचा फोटो म्हणजे रुंदी. तो चौकोनात कोंबला तर वरती मांडवाचं छत आणि खाली गालिचाच दिसतो, माणसं मधल्या पट्टीत तिळाएवढी. उत्तनच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नातही हेच, चर्चच्या पायऱ्यांवर सगळं गाव उभं. पायऱ्या असतील तर निदान माणसं एकावर एक रचता तरी येतात. स्टेजवरचा फोटो सरळ दोन पानांवर घ्यायचा, पण तिथे दुसरा सापळा. नवरा-नवरी मध्ये उभी राहतात आणि घडी बरोबर दोघांच्या मधून जाते, ते ठीक. पुढे मात्र कुणीतरी हटकून एक लहान मूल बसवतं, तेही मध्यभागी. घडी मुलाच्या नाकातून जाते. हल्लीची पानं सपाट उघडतात, तरी नाक ते नाकच. मी मुलाला एक वीत डावीकडे सरकवतो. मूल रडतं. तो फोटोही चांगला येतो.

डिझायनरशी माझं भांडण जुनंच आहे. त्याला पान रिकामं दिसलं की ताप येतो. एका पानावर चौदा फोटो, मागे गुलाब, कोपऱ्यात सोनेरी इंग्रजी अक्षरांत शुभेच्छा. मला चौकोनी पानावर हवा एक मोठा, फार तर चार फोटो आणि कडेला पांढरं. गिऱ्हाईक सुरुवातीला कुरकुरतं, "जागा वाया गेली की हो." पैसे पानामागे मोजलेले असतात, त्यांचंही खरं. मी तडजोड करतो. जेवणावळ, आहेर, आलेले पाहुणे हे सगळं नऊ-नऊच्या चौकटीत, कुणी राहायला नको. विधींची पानं मोकळी. आणि कापायला पाव इंच जादा सोडायचं, कारण लॅबची कटिंग मशीन कुणाची आत्या बघत नाही.

मध्यंतरी चौकोनाची मागणी वाढली ती इन्स्टाग्राममुळे. 2010 ला ते सुरू झालं तेव्हा चौकोनाशिवाय काही घेतच नव्हतं. 2015 ला ती अट गेली, आणि 2025 च्या जानेवारीत त्यांनी प्रोफाईलवरचे चौकोनही उभे करून टाकले. आता नवऱ्या मुली उभ्या रीलसाठी येतात. चौकोनी अल्बम मागतात ते घरचे लोक, आणि त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

काशीगावच्या त्या घरी दुरुस्त केलेला अल्बम घेऊन गेलो तेव्हा नवरीची आईही आलेली होती. सोफा होता, पण दोघी विहिणी खाली चटईवरच टेकल्या. बारा बाय छत्तीसचा अल्बम एकीच्या मांडीवर मावत नाही, तो टीपॉयवर ठेवून सगळ्यांनी उभ्यानं बघावा लागतो. हा चौकोनी उघडला की चोवीस इंच, बरोबर दोन मांड्या. डावं पान नवऱ्याच्या आईच्या मांडीवर, उजवं नवरीच्या आईच्या, घडी दोघींच्या गुडघ्यांमध्ये. अंतरपाटाचं पान आलं तेव्हा दोघी आपापलं मूल बघत होत्या. मागून आत्या वाकली.

"ते ऱ्हाऊं दे," ती म्हणाली, "हलदीचा पान काढा."