तिसऱ्या क्रमांकाचा हक्क

निशिनोमिया, 14 ऑक्टोबर 2024

ती. अण्णा, सा. न.

कोशिएनच्या मैदानावर हानशिन टायगर्सचा बेसबॉल हंगाम काल संपला. साखळीत तिसऱ्या आलेल्या योकोहामाच्या डीएनए बेस्टार्सनी दुसऱ्या क्रमांकाच्या टायगर्सना त्यांच्याच घरी सलग दोनदा हरवलं. 143 सामने खेळून क्रमांक ठरल्यावर पुन्हा ही क्लायमॅक्स सिरीज कशाला, हा तुमचा प्रश्न जपानमध्येही जुनाच आहे. इथे 1950 पासून सेंट्रल आणि पॅसिफिक अशा दोन लीग आहेत, आणि त्यांचे विजेते जपान सिरीजमध्ये भिडतात. पॅसिफिक लीगने 2004 साली प्लेऑफ आणले. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी फुकुओकाचे हॉक्स साखळीत पहिले आले, पण प्लेऑफमध्ये हरले आणि दोन्ही वेळा लीगचं विजेतेपदच गमावून बसले. तो उघड अन्याय होता. 2007 साली सेंट्रल लीगही या पद्धतीत सामील झाली, तेव्हा मात्र दोन गोष्टी वेगळ्या केल्या गेल्या: लीगचं विजेतेपद साखळीतल्या पहिल्या संघाचंच, आणि क्लायमॅक्स सिरीज जिंकणाऱ्याला फक्त जपान सिरीजचं तिकीट. ही फारकत मला फार मोलाची वाटते. वर्षभराच्या कष्टाचा मान आता कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

टोकियो, 22 ऑक्टोबर

ती. अण्णा, सा. न.

बेस्टार्सनी काल क्लायमॅक्स सिरीजच्या शेवटच्या फेरीत योमिउरी जायंट्सनाही नमवलं. नवव्या डावात बेस्टार्सच्या माकीच्या फटक्यावर तिसरी धाव आली आणि निर्णायक सामना 3–2 असा सुटला. लीगचे विजेते घरी बसले आणि त्यांच्याहून आठ सामन्यांनी मागे राहिलेला संघ पुढे गेला. मग मान राखला असं कसं म्हणायचं, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी या फेरीची रचना बघायला हवी. यंदाच्या नियमाप्रमाणे लीगच्या विजेत्याला एक विजय आधीच बहाल केलेला असतो, आणि सगळे सामने त्याच्याच मैदानावर होतात. जास्तीत जास्त सहा सामने. त्यातले चार पाहुण्यांना जिंकावे लागतात, यजमानांना तीन पुरतात. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ धरले तरी सहा सामन्यांच्या 64 संभाव्य निकालांपैकी 42 यजमानांच्या पारड्यात पडतात. शिवाय इथला मुख्य पिचर साधारण आठवड्यातून एकदाच चेंडू फेकतो. पहिल्या फेरीत खालच्या संघाचे उत्तम हात खर्च होतात, तर विजेते ताजेतवाने असतात. बेस्टार्सचा हुकमी पिचर आझुमा तर कोशिएनवरच जखमी झाला होता. एवढं ओझं घेऊन पहिले तिन्ही सामने जिंकायचे, पुढचे दोन हरायचे आणि अखेरचा खेचून आणायचा, याला नुसतं नशीब म्हणणं त्या खेळाडूंवर अन्याय आहे. नशिबाचा वाटा असतोच. खुद्द जायंट्सनी साखळीत 77 सामने जिंकले, पण 59 हरलेही. बेसबॉलमध्ये सर्वोत्तम संघसुद्धा इतका हरतो, म्हणून सहा सामन्यांत त्याच्या श्रेष्ठत्वाचा निवाडा होऊच शकत नाही. तो साखळीने आधीच दिलेला असतो आणि क्लायमॅक्स सिरीज त्याला हात लावत नाही. आपल्या आयपीएलमध्ये पहिल्या दोघांना अंतिम फेरी गाठायची दुसरी संधी मिळते, तीही याच विचाराने. पण तिथे साखळीत पहिलं येण्याला स्वतंत्र किताब नाही. 2016 साली तिसऱ्या क्रमांकाच्या हैदराबादने करंडक उचलला, तेव्हा साखळीत अव्वल ठरलेल्या गुजरातच्या हाती काही उरलं नाही.

योकोहामा, 4 नोव्हेंबर

ती. अण्णा, सा. न.

काल जपान सिरीज जिंकून बेस्टार्स जपानचे विजेते झाले, 1998 नंतर प्रथमच. समोर साखळीत 91 सामने जिंकलेले फुकुओकाचे सॉफ्टबँक हॉक्स होते. पहिले दोन सामने हरून बेस्टार्सनी पुढचे चार जिंकले. ज्या संघाचा साखळीतला हिशोब 71 विजय आणि 69 पराभव, तो देशात पहिला कसा, या तुमच्या आक्षेपाचा एक भाग मला मान्य आहे. फरक एका सामन्याचा असो की आठांचा, यंदाच्या नियमाप्रमाणे लीगच्या विजेत्याला क्लायमॅक्स सिरीजमध्ये बक्षीस म्हणून एकच विजय मिळतो, हे चूक आहे. फरक मोठा असेल तर दोन द्यावेत. पण त्यासाठी क्लायमॅक्स सिरीजच बंद करा, हे मला पटत नाही. यंदा सप्टेंबरच्या सुरुवातीला सेंट्रल लीगमध्ये अव्वल असलेला हिरोशिमा कार्प शेवटी चौथ्या जागी घसरला आणि तिसरी जागा बेस्टार्सनी मिळवली. ही सिरीज नसती, तर पहिली जागा हातची गेल्यावर या दोघांच्या उरलेल्या सामन्यांना काही अर्थच राहिला नसता. तिकीट काढून आलेल्या माणसाला अर्थपूर्ण सामना बघायला मिळणं हाही त्याचा हक्क आहे, आणि दुसरीकडे जायंट्सचं लीगचं विजेतेपद आजही त्यांच्याच नावावर आहे.

तुमचा,
श्रीधर